मांडीवरच्या बाळाचं तिकीट

निगडी, १० ऑगस्ट, रविवार

चि. दिव्या,

मला कळलं आहे. समाधानरावांवर चिडू नकोस, त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त फोन करून विचारलं, "आई, सहज विचारतो, डोहाळजेवणाला साडी हिरवीच लागते का, की निळी चालते?" मी म्हटलं, "कुणाच्या डोहाळजेवणाला?" तर म्हणाले, "जनरल." जावई गुणी आहेत, पण त्यांना गुपित सांभाळायला देत जाऊ नकोस. त्यांना झेपत नाही.

साडी हिरवीच लागते. वेगळ्या पार्सलने पाठवली आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. संक्रांतीपासून आपण बोललेलो नाही, आणि त्याआधी बोलायचो तेव्हा एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. शिवाय मला खोडता येतं. या परिच्छेदाच्या वर एक ओळ खोडली आहे, ती वाचायची धडपड करू नकोस. उजेडात धरूनही दिसत नाही, मी बघितलं.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तू इथे येणार नाहीस हे मी धरून चालले आहे, कारण संक्रांतीला "हा फ्लॅट विकून माझ्याकडे राहायला येत नाहीस तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही" असं म्हणून तू गेलीस, आणि तू तुझ्या बाबांची मुलगी आहेस. ठीक आहे. मी असा विचार केला की माहेर म्हणजे काही निगडी प्राधिकरणातल्या तीन खोल्या नव्हेत. माहेर म्हणजे आई. मी विमानात बसले की माहेर विमानात बसलं. हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की तूही संक्रांतीला साधारण हेच म्हणत होतीस. पण तू ओरडून म्हणत होतीस.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे मला दिवाळीतच निघायला हवं. (तारीखही समाधानरावांनी सांगितलेली नाही.) रेल्वेने दोन रात्री बसून गुवाहाटीला आले तर बाळंतिणीआधी माझीच कंबर शेकावी लागेल. म्हणजे विमान. येण्याचं आणि परतीचं तिकीट कधी काढायचं, एवढंच ठरायचं आहे, आणि त्यावर अख्ख्या सोसायटीला मत आहे.

शेजारच्या सुमनताई म्हणतात, मंगळवारी दुपारी काढ. त्यांचा भाचा माण गावच्या आयटी कंपनीत आहे, त्याने सांगितलंय की मंगळवारी दुपारी विमानं स्वस्त होतात. का, ते त्यालाही माहीत नाही. आपले चेअरमन दौलतराव म्हणतात, अजिबात घाई करायची नाही. त्यांनी चाकणच्या कंपनीत जन्मभर पत्रा खरेदी केला. "वहिनी, व्हेंडरला गरज दाखवली की तो डोक्यावर बसतो. भाव विचारायचा, 'बरं बघू' म्हणायचं आणि उठायचं. मागून हाक मारतो की नाही बघा."

तुझ्या बाबांनी आजच काढलं असतं. आठवतं ना, बार्शीला जाताना आपण नेहमी आपल्या गाडीच्या आधीच्या गाडीने पोचायचो.

पण दौलतरावांचा अनुभव मोठा. थोडं थांबते.

आई


निगडी, ३० ऑगस्ट, शनिवार

चि. दिव्या,

उद्या गौरी यायच्या आहेत, हात पिठाचे आहेत, तेवढं चालवून घे.

मी दौलतरावांच्या सांगण्याप्रमाणे रोज भाव बघते, "बरं बघू" म्हणते आणि फोन पालथा ठेवते. मागून कुणी हाक मारलेली नाही. उलट मी बघितलं की भाव वाढतो. सुमनताई म्हणतात, फोनला कळतं आपल्याला गरज आहे ते. म्हणून आता त्यांच्या फोनवर बघतो. त्या वेळी माझा फोन आम्ही आतल्या खोलीत चादरीखाली ठेवतो. तरी वाढतो. मंगळवारी दुपारी तर सगळ्यात जास्त वाढला. सुमनताईंनी भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मावशी, ते अमेरिकेतल्या मंगळवारचं होतं."

दौलतरावांना मी काल जिन्यात गाठलं. "भाऊजी, हाक कधी मारणार तुमचा व्हेंडर?" ते म्हणाले, "मार्केट अजून गरम आहे." त्यांच्या मिसेस मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "विजयश्रीताई, यांचं ऐकू नका. गेल्या दिवाळीत हे मार्केट गार व्हायची वाट बघत बसले आणि आम्ही सहा जण जयपूरला गाडीने गेलो. नातू अजून जयपूरचं नाव काढलं की तोंडावर हात धरतो." दौलतराव म्हणाले, "पण रस्ता बघितला ना सगळा?" त्यावर त्या आपली पिशवी त्यांच्या हातात देऊन पुढे गेल्या.

तुझा निरोप मिळाला. समाधानराव म्हणाले, "आई, मी फक्त वाचून दाखवतो, हं," आणि वाचलं: "परतीचं तिकीट काढून येणार असेल तर येऊ नकोस म्हणावं. पाहुणे मला चालणार नाहीत." नंतर स्वतःचं घातलं, "रागाने नाही म्हणाली, जरा मोठ्याने म्हणाली."

दिव्या, परतीचं काढायचं कारण साधं आहे. सव्वा महिना तुझं सगळं करून निघायचं म्हटलं तर नाताळ येतो. नाताळात या देशातला प्रत्येक माणूस कुठेतरी जात असतो. आत्ता काढलं तर निघेल, नंतर निघणार नाही. यात पाहुणेपणा कुठे आला?

हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी एक रात्रही दुसऱ्या घरी झोपलेली नाही. सुमनताई तीर्थयात्रेला चल म्हणाल्या तेव्हा गुडघा दुखतो म्हटलं. गुडघा तेव्हा दुखत नव्हता. सकाळी उठून बाबांच्या कपाची जागा बघायची, चहा एकाचाच टाकायचा, वाचनालयाचं पुस्तक घेऊन त्यांच्या खुर्चीत बसायचं. मला तसं दिवसभर नीट चालता येतं. ती घडी मोडली तर मी कशी असेन, मला माहीत नाही. तुला घर विकायला सांगायला सोपं जातं, कारण तुझ्यासाठी ते नुसतं घर आहे. आणि तू कपाट आवरते म्हणून त्यांचे कंपनीचे शर्ट बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतलास. मला न विचारता. डबा मी अजून वापरलेला नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू देते.

आई


निगडी, १३ सप्टेंबर, शनिवार

चि. दिव्या,

काल तू किती छान भांडलीस! आठ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तब्येत चांगली असल्याशिवाय माणूस इतका वेळ ओरडू शकत नाही, म्हणून रात्री मला शांत झोप लागली. पण तू फोन आपटलास तेव्हा माझं अर्धं सांगायचं राहिलं होतं. ते इथे सांगते, नीट सुरुवातीपासून.

मी ठरवलं की तिकीट पितृपक्षातच काढायचं. या पंधरवड्यात कुणी सोनं घेत नाही, गाडी घेत नाही, लग्नाची बोलणी करत नाही. मग विमानाचं तरी कोण काढणार? दुकान रिकामं असलं की भाव उतरतो, एवढं मला पत्रा न खरेदी करताही कळतं. सुमनताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, बाळंतपणाला जायचं तिकीट पितरांच्या पंधरवड्यात?" मी म्हटलं, "दिव्याचे बाबा आता पितरांतच आहेत ना? मग त्यांच्या पंधरवड्यात त्यांना कळेल तरी आपण कुठे निघालो ते." त्या चप्पल घालून बरोबर आल्या.

निगडीच्या बसस्टँडमागे नूरमोहम्मदभाईंचं तिकिटांचं दुकान आहे. आता त्यांची मुलगी आरफा बघते. तुझ्या मागे दोन वर्षं होती म्हणे शाळेत. तोंडाने फटकळ, हाताने चटपट. मी म्हटलं, "पितृपक्षात स्वस्त असेल ना गं?"

"काकू, विमान कंपनीला पितर नसत्यात," ती म्हणाली. "कधी जायचं ते बोला."

मग तिने दिवाळीचा एकेक दिवस लावून दाखवला. कंपन्यांचा बोनस झाला की चाकणपासून सगळा पट्टा एकदम गावी निघतो, ते दिवस तर हात लावायचे नव्हते. पण एका दिवशी भाव खाली होता. लक्ष्मीपूजन, संध्याकाळचं विमान. "त्या टायमाला कोण उडतंय, काकू? समदी घरात पूजेला." मी म्हटलं, "हेच काढ." सुमनताई म्हणाल्या, "लक्ष्मी दारात यायच्या वेळेला तू दाराला कुलूप घालून आकाशात?" मी म्हटलं, "तिला सांगा, वर भेटू."

इथवर ठीक होतं. आरफाने विचारलं, "परतीचं?"

आता मला जे सुचलं, ते तिथे खुर्चीत बसल्यावर सुचलं, आधी ठरवून केलं नाही. तुला सहा महिन्यांची रजा आहे. मी परत आले तर पाहुणी ठरते. पण तूही माझ्याबरोबर आलीस तर? बाळाला घेऊन, उरलेली रजा इथे? मग मी तुला सोडून आले असं होत नाही आणि मला घर सोडावं लागत नाही. मी आरफाला म्हटलं, "परतीची तीन काढ. मी, मुलगी आणि नातवंड."

"नातवंडाचं वय?"

"डिसेंबरात सव्वा महिन्याचं होईल."

"मांडीवरचं बाळ. सीट लागत न्हाई, पण नाव लागतंय. नाव काय?"

"नाव अजून नाही. बारशाला ठेवतील. आत्या ठेवते आमच्यात."

"बरं, जन्मतारीख सांगा."

"नोव्हेंबरचा पहिला आठवडा."

आरफाने टाइप करायचं थांबवलं. "कुठल्या साली?"

"या साली."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सुमनताईंकडे बघितलं. "काकू, म्हंजी बाळ अजून व्हायचंय?"

"हो, पण नाताळचा भाव वाढायच्या आत काढलेलं बरं."

"काकू, विमान हाय ते. सहा सीटर रिक्षा न्हाई, की रुमाल टाकून जागा धरली. जन्माला आल्याबिगर माणसाचं तिकीट निघत न्हाई!"

सुमनताई म्हणाल्या, "नुसतं 'बाळ' लिही ना. आमच्या यांचं नाव रेशन कार्डावर 'बाळ'च आहे." आरफा म्हणाली, "मुलगा लिहू का मुलगी?" मी म्हटलं, "ते डॉक्टरही सांगत नाहीत, मी कुठून सांगू?" मागे रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, "आजी, आता त्याची दहावीचीही फी भरून टाका." दुकानात सगळे हसले. मीही हसले. शेवटी ठरलं की आपल्या दोघींची काढायची, बाळ जन्मल्यावर जोडायचं. आरफाने मोबाइल नंबर विचारला. माझा नंबर मला येत नाही, मी मला कधी फोन करत नाही. तुझा तोंडपाठ आहे. तो दिला.

म्हणून तो मेसेज तुला गेला. गुवाहाटी ते पुणे, डिसेंबर, प्रवासी विजयश्री आणि दिव्या. पुढे तू जे बोललीस ते तुझं तुला माहीत आहे. "मला न विचारता!" हे तू सहा वेळा म्हणालीस. पाचव्यांदा मला शर्टांची आठवण झाली होती, पण मी बोलले नाही. सहाव्यांदा बोलले. त्यावर तू फोन ठेवलास.

आज आरफाचा निरोप आला, तू तुझं तिकीट रद्द केलंस. माझं परतीचं आहे तसं आहे, आणि येण्याचंही. लक्ष्मीपूजनाला रात्री पोचते. दार उघडणार नसशील तर समाधानरावांना उघडायला सांग. त्यांना नाही म्हणता येत नाही.

आई


निगडी, ५ ऑक्टोबर, रविवार

चि. दिव्या,

उत्तर आलं नाही, पण हिरव्या साडीतला फोटो आला. खाली काही लिहिलं नव्हतं. समाधानरावांनी निळा शर्ट घातलाय. त्यांना निळा रंग कुठेतरी वापरायचाच होता असं दिसतं.

तुझे पाय सुजलेले दिसतात. मीठ कमी कर. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, किंवा समाधानरावांना "सहज" विचारायला लाव.

डिंकाचे लाडू झाले. विमानाचे नियम मी सगळे वाचून काढले, बारीक अक्षरांतलेसुद्धा, भिंग घेऊन दोन दुपारी. सुमनताई म्हणतात, हे कुणी वाचत नाही. मी म्हटलं, कुणीतरी लिहिलं आहे तर कुणीतरी वाचावं. त्यात सापडलं की सुकं खोबरं सामानात चालत नाही, पेट घेतं. माझे लाडू निम्मे खोबऱ्याचे. धावत आरफाकडे गेले. ती म्हणाली, "वाटी न्यायची न्हाई, काकू. किसून, भाजून, गुळात वळलंय ते. त्याचा आता बॉम्ब हुईत न्हाई." तिने एक खाऊन बघितला आणि वडलांसाठी एक मागून घेतला.

लाडू त्या स्टीलच्या डब्यात भरलेत. डबा चांगला आहे. झाकण घट्ट बसतं.

घराची किल्ली सुमनताईंना दिली. लक्ष्मीपूजनाला त्या आपलं दार उघडून दिवा लावतील, आणि रोज बाबांच्या फोटोपुढेही. मी त्यांना सगळं समजावत होते, वात केवढी, तेल किती, तर त्या म्हणाल्या, "विजयश्री, मला दिवा लावता येतो गं. तू जा." रागाने नाही म्हणाल्या. समाधानरावांसारखं सांगायचं तर जरा मोठ्याने म्हणाल्या.

तू म्हणतेस पाहुणी. मी रात्रभर विचार केला. मला परतीचं तिकीट हातात असलं की जायचं धाडस होतं, एवढंच आहे ते. परत येता येणार हे माहीत नसलं तर मी जिना उतरत नाही. यापेक्षा खरं मला लिहिता येत नाही.

आई


विमानात, १९ ऑक्टोबर, रविवार

चि. दिव्या,

हे पत्र टपालाने येणार नाही, मीच घेऊन येते आहे. कागद उलटीच्या पिशवीचा आहे. पुढच्या खुर्चीच्या खिशात होती, कशासाठी असते ते मला नंतर कळलं. कोरी आहे.

एवढे मंगळवार बघितले, एवढे सल्ले ऐकले, स्वस्त दिवस शोधून काढला आणि तुझ्या लेकीने धनत्रयोदशीलाच यायचं ठरवलं. तिला कुणी भाव दाखवला नव्हता, हे बरं झालं. समाधानरावांचा फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. ते म्हणाले, "आई, सहज सांगतो," आणि रडायलाच लागले. मी गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. सुमनताईंनी केला असेल.

मग तुझा आवाज. "आई, ती रडतेय. मला काही कळत नाहीये." मी म्हटलं, "निघते." मग म्हटलं, कारण तेच माझ्या डोक्यात अडकलं होतं, "परतीचं काय करू?" तू म्हणालीस, "आई, तू आधी ये गं."

आरफाने दुकानाचं अर्धं शटर ओढलं होतं. दिवाळीतला सगळ्यात महाग दिवस, एकच सीट, कोलकात्याला बदलून. तिने भाव सांगितला. तिथे दौलतरावही होते, यंदा कुठल्याशा विमानाचा भाव विचारायला आलेले. ते म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटं थांबा, उठून जाऊ, हाक मारतात का बघू." मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही. ते चेअरमन आहेत. आरफा म्हणाली, "काकू, मुलगी झाली? आता नाव ठेवा लवकर, तिकिटाला लागतंय." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आली.

परतीच्या तिकिटाचं मी काही केलेलं नाही. रद्द केलं नाही, आणि त्याच्या जोरावर निघालेय असंही नाही. काल जिना उतरताना ते माझ्या लक्षातही नव्हतं. आपण काय करायचं ते बघू. तू इथे, मी तिथे, की सहा महिने इकडे आणि सहा तिकडे. आत्ता मला त्यातलं काहीच मोठं वाटत नाही.

विमान उडताना मी डोळे मिटले आणि हाताला लागलं ते धरून ठेवलं. तो शेजारच्या बाईंचा हात होता. त्या बंगाली आहेत, कालीपूजेला घरी चालल्या आहेत. त्यांनी सोडवून घेतला नाही. नंतर ढग खाली गेले, आणि इतकं ऊन होतं, दिव्या, इतकं स्वच्छ ऊन, की मला ते कुणाला तरी दाखवायचं होतं. एसटीत बाबा नेहमी खिडकीशी बसायचे. मी खिडकीकडे वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का, आजोबा झालात."

खिडकीत एक विशीतला पोरगा कानात ती पांढरी बोंडं घालून झोपला होता. तो दचकून जागा झाला, त्याने एक बोंड काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले ते त्याला कळलं नसावं, पण माझा चेहरा दिसला असेल.

"थँक यू, आंटी," तो म्हणाला.

मी त्याला लाडू दिला.

आई